मिरचीची वहिवाट, अंड्याची हद्दपारी

फाल्गुनात बांध्यांतली लाखोरी उपटून झाली आणि उन्हाला थोडी धार चढली, की आमच्या तुमसरच्या घराच्या सांदवाडीत वर्षाची मिरची वाळत पडे. जुन्या सुती लुगड्यांवर पसरलेल्या त्या मिरच्या दिवसातून दोनदा काठीने खालीवर कराव्या लागत, आणि माझी आजी ओसरीच्या कडेला पाट टाकून त्यांची राखण करी. राखण चोरांपासून नव्हे, शेजारघरच्या कोंबड्यांपासून. त्या कुंपणाखालून अंग चोरून आत येत, वाळत्या मिरच्या चोचीने फोडीत, आतले पिवळे बी अगदी निवांतपणे टिपीत, आणि तिखटाने कासावीस होणे दूरच राहिले, एक संपवून दुसऱ्या मिरचीकडे वळत. आम्हा मुलांना याचे इतके नवल वाटे की माझ्या धाकट्या भावाने एकदा त्यांच्या धैर्याची परीक्षा म्हणून एक बी स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिले आणि मग तासभर गूळ चघळीत रडत बसला. आजी काठी आपटून कोंबडीला हुसकावी, ती जिथून चालत गेली तेवढ्या जागेवर शेणाचा हात फिरवी, आणि सांजवेळी मिरच्या लुगड्यासकट उचलून देवघराला लागून असलेल्या कोठीत नेऊन ठेवी.

कोंबडीच्या त्या निर्विकारपणाचे कारण पुढे वाचनात आले. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपल्या तोंडाची आग होते, त्या कॅप्सेसिनचा दाह पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जाणवतच नाही. सस्तन प्राणी दाढांनी बी चिरडून टाकतात आणि पक्षी ते सबंध गिळून दूर कोठे तरी रानात पेरून येतात, म्हणून मिरचीच्या रोपाने आपला सारा जाच सस्तनांवर बसविला आणि पक्ष्यांना जणू माफीचे वतन लिहून दिले. परंतु याहूनही मौजेची गोष्ट ध्यानात यायला मला आणखी बरीच वर्षे लागली. ती अशी की, आजीच्या त्या सांदवाडीत सातासमुद्रांपलीकडून आलेला परका असा एकच जिन्नस होता आणि तो लुगड्यावर सन्मानाने पहुडलेला होता. आणि जिला काठीने हद्दपार करण्यात येत होते ती मात्र या मुलखाची कदीम रहिवासी होती.

हा सगळा जुना दावा पुन्हा पटलावर आला तो गेल्या माघात. मुलगी परदेशातून महिनाभरासाठी घरी आली आणि एका रविवारी सगळ्या घरासाठी मेक्सिकोकडचा एक तिखट पदार्थ करण्याचे तिने जाहीर केले. 'वेव्होस रांचेरोस' असे त्याचे नाव. शब्दाचा सरळ अर्थ मळेकऱ्यांची अंडी, किंवा आपल्या बोलीत सांगायचे तर वाडीवरची अंडी. पहाटे कामाला जुंपलेल्या गड्यांना उन्हे वर आल्यावर मिळणारी ही न्याहरी: मक्याची पातळ भाकरी तेलावर जराशी परतायची, तिच्यावर पिवळा बलक न मोडता तळलेली अंडी ठेवायची, वरून टमाटर आणि मिरचीचा शिजविलेला रस्सा ओतायचा, आणि कडेला घोटलेला राजमा वाढायचा. "बाबा, पूर्ण शाकाहारी आहे," असे तिने मला बजावून सांगितले, आणि घरात वाद पेटला तो तिखटावरून नाही, परदेशावरून नाही, या एका विशेषणावरून.

तिकडच्या समजुतीने दूध आणि अंडे दोन्ही शाकाहारात बसतात. प्राण्याचा जीव घ्यावा लागला नाही एवढे त्यांना पुरते. आपल्याकडील सरकारी व्याख्या वेगळी आहे. २०११ सालच्या अन्नवेष्टनाच्या नियमांनी दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून प्राणिज ते सारे मांसाहारी ठरविले आणि अंड्याचा त्यात नावानिशी उल्लेख करून टाकला. म्हणून अंडे घातलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा नव्हे, तर तांबूस तपकिरी शिक्का बसतो. गांधींनी मात्र १९४२ साली आगाखान राजवाड्याच्या स्थानबद्धतेत आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात ज्याला दूध चालते त्याला निर्जीव अंड्याला हरकत घेण्याचे कारण नाही, असा निर्वाळा दिलेला आहे. कोंबड्याचा संग न घडता घातलेल्या अंड्यातून पिल्लू कधीच निघत नाही, हा त्यामागचा आधार. आणि १९८२ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने पुढे अंड्याचा जो अखंड प्रचार चालविला, त्यालाही हाच आधार पुष्कळ उपयोगी पडला असावा. आजच्या कुक्कुटशाळेत पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या माद्या कोंबड्याचे तोंडही न पाहता अंडी घालतात आणि तीस-तीसच्या पुठ्ठ्यांतून ती गावोगाव जातात. तरी लोकांचे मन वळले आहे असे म्हणवत नाही. राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरविले तेव्हा न खाणाऱ्या मुलासाठी केळ्याची तरतूद करावी लागली, आणि २०२५ च्या जानेवारीत त्या अंड्याचा खास निधीच थांबविण्यात आला. एका अंड्यावरून मंत्रालयापासून शाळेच्या ओट्यापर्यंत इतका कागद रंगतो. मिरचीच्या दाखल्यावरून एक फर्मान निघाल्याचे मी कोठे वाचलेले नाही.

आणि मिरचीचा दाखला खरोखरच पाहण्यासारखा आहे. आपल्या भाषेनेच तो सांभाळून ठेवला आहे. मिरे हा शब्द जुना, संस्कृत मरीच या शब्दापासून आलेला. मिरची हे त्याचेच एक रूप, नव्या पाहुण्याला घरातल्या माणसाचे नाव देऊन पंक्तीत बसवावे तसे. आपल्या पूर्वजांच्या जेवणात तिखट नव्हते असे नाही. सुंठ, मिरे आणि पिंपळी या त्रिकटूवर त्यांचे उत्तम भागत होते. १५९० च्या सुमारास अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्याच्या जिनसांची तोळ्या-मासापर्यंत नोंद केली, तीत मिरे आहेत, मिरची नाही. १५१० साली आल्बुकर्कने गोवे घेतले, आणि पोर्तुगीज गलबतांतून आलेली ही वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर इतक्या झपाट्याने रुजली की सोळाव्या शतकाच्या मध्याला लेओनहार्ट फुक्ससारख्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला खुशाल कालिकतचे मिरे म्हणून नोंदविले. मेक्सिकोची लेक हिंदुस्थानची म्हणून युरोपात पोहोचली ती अशी.

किनाऱ्यावरून ती घाट चढून वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत नेमकी कोणत्या वाटेने आली हे कोणा बखरकाराने टिपून ठेवलेले नाही. मिरचीच्या मुक्कामाची बखर कोण लिहिणार! पण इथे आल्यावर तिने जे बस्तान बसविले ते पाहण्यासाठी तुमसराहून फार लांब जावे लागत नाही. आमच्याच भंडारा जिल्ह्यातल्या पवनीकडे आणि पलीकडे नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुराकडे हंगामात जागोजाग मिरचीचे सातरे लागतात. सातरा म्हणजे उघड्या मैदानावर मिरची पसरून तिची देठे खुडण्याचे ठिकाण. तेथे शेकडो बाया तोंडाला पदर बांधून सकाळपासून बसलेल्या असतात, आणि वाऱ्याची दिशा बदलली की रस्त्याने जाणारा मोटारवालाही शिंकू लागतो. संध्याकाळी त्यांच्या बोटांची आग थंड पाण्याने जात नाही. तेल चोळून, त्यावर पीठ चोळून त्या हात निववतात. भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक निर्देशांकाची सनद मिळालेली आहे, म्हणजे परदेशातून आलेल्या कुळाच्या नावावर जमिनीचा फेरफार रीतसर मंजूर झालेला आहे.

वहिवाटीने हक्क उत्पन्न होतो हे महसुलातले तत्त्व मिरचीइतके कोणी सिद्ध केले नसेल. दुकानाच्या उंबऱ्यावर लिंबासोबत ती टांगली जाते. तान्ह्या बाळाची दृष्ट मीठमोहऱ्यांबरोबर तिच्याच साक्षीने निघते. चातुर्मासात कांदा-लसूण निषिद्ध, मिरची नाही. एकादशीच्या ताटात तर तिच्या साऱ्या माहेरची माणसे गोळा झालेली दिसतात: ज्या कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, रताळे, आणि या सर्वांना चव आणणारी हिरवी मिरची, ही सगळी अमेरिका खंडाची प्रजा. उपवासाचा विधिनिषेध लिहिणाऱ्या धर्मशास्त्रकारांना ही नावेच ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी ती वर्ज्य केली नाहीत. आणि जे वर्ज्य नाही ते पवित्र, असा सोयीचा अर्थ आपण काढला.

कोंबडीचे दैव नेमके येथे फिरले. ती शास्त्रकारांना फार चांगली ओळखीची होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एकाच श्लोकात भूछत्र, गावडुक्कर, लसूण, कांदा आणि ग्रामकुक्कुट यांना द्विजांसाठी निषिद्ध ठरविले आहे. ग्रामकुक्कुट, म्हणजे गावातला, उकिरडा उकरणारा. त्या एका आरोपपत्रातले सहआरोपी पुढे एकेक करून सुटले. लसणाशिवाय आमच्याकडे चटणी होत नाही. कांद्याला तर कांदेनवमी म्हणून हक्काचा दिवस मिळाला. गावकोंबडा मात्र उंबऱ्याबाहेर राहिला. कार्तिकेयाच्या ध्वजावर कोंबडा आहे याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही.

आणि तरीही तो इथलाच. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. दक्षिण आणि आग्नेय आशियाची जंगले हे त्याचे घर. आपल्या दक्षिणेतल्या आणि पश्चिमेतल्या करड्या रानकोंबड्याचाही त्या वंशात थोडा वाटा आहे, कोंबडीच्या पायांची पिवळी कातडी ही त्याचीच देणगी, असे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. तांबडा सालवनांचा आणि करडा सागवनांचा अशी पक्षिनिरीक्षकांची ढोबळ वाटणी आहे, आणि या दोघांच्या राज्यांची शीव मध्य भारताच्या याच रानपट्ट्यातून जाते. ज्या गोंडांचा हा मूळ मुलूख, त्यांच्या देवकार्यात कोंबडीला मोठा मान आहे: देवापुढे टाकलेले तांदूळ तिने टिपले तर देवाला कौल मान्य, नाही तर नाही. इंग्रजी अमदानीत आर. व्ही. रसेलने १९०८ साली भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर तयार केले आणि पुढे १९१६ साली रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्या खंडांत एखाद्या जातीचे वर्णन निघाले की ती बकरे खाते की नाही, कोंबडी खाते की नाही, याची नोंद ठरलेली, कारण जातीची पायरी मोजण्याचे तेही एक माप होते. एखाद्या कुटुंबाला आपली पत वाढली असे दाखवायचे झाले की प्रथम परसातल्या कोंबड्या नाहीशा होत. हे मी पुस्तकावरून म्हणत नाही. आमच्या गल्लीत एका घराने किराण्याचे दुकान टाकले त्या साली त्यांचे खुराडे मोडताना मी पाहिलेले आहे.

आमच्या घरचा कायदा मधल्या तडजोडीचा होता. अंडे घरात येई, स्वयंपाकघरात नाही. सांदवाडीतल्या एका कोपऱ्यात तीन विटांची चूल, वर एक कल्हई उडालेले पितळी पातेले, आणि भिंतीतल्या कोनाड्यात पालथी घातलेली दोन जर्मनची ताटे, हा तिचा सारा संसार. वडील आणि काका तेथे उकिडवे बसून जवसाच्या तेलातला झणझणीत अंड्याचा रस्सा खात आणि मग हातपाय धुऊन आत येत. अंडी आठवडी बाजारातून येत. विकणारी बाई टोपलीत तणसाचा थर देऊन ती रचून आणी आणि एकेक अंडे उन्हाकडे धरून, आत डाग नाही हे गिऱ्हाइकाला दाखवून मगच हाती देई. पुढे मँगनीजच्या खाणींनी गावाचे वळण बदलले. १८९६ साली उभी राहिलेली प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, तिची पुढे झालेली कंपनी आणि १९६२ पासूनची मॉईल, अशा क्रमाने चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी चालल्या. तिरोडीकडे फाटा गेला. आणि पाळीवरून सुटणाऱ्या माणसाला कोपऱ्यातली वेगळी चूल परवडण्यासारखी नव्हती. देव्हाडीला, ज्याला रेल्वेच्या दप्तरात तुमसर रोड म्हणतात, उतरणाऱ्या प्रवाशाला मी शाळकरी असल्यापासून ठेल्यावरचे आमलेट मिळत आलेले आहे, आणि ते खाणाराची जात विचारलेली मी ऐकलेली नाही.

आता मेक्सिकोच्या बाजूने हीच कैफियत ऐकावी. १५१९ साली एर्नान कोर्तेस त्या किनाऱ्यावर उतरला आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी आस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. तोवर त्या मुलखाने टर्की पाळली होती, कोंबडी पाहिलेली नव्हती. अंड्याला त्यांच्या नाहुआत्ल भाषेत 'तोतोल्तेत्ल' म्हणतात, म्हणजे पक्ष्याचा दगड. माझ्या मते कोणत्याही भाषेने अंड्याला दिलेले हे सर्वांत समर्पक नाव आहे. चिल्ली हा त्यांचाच शब्द, तोमातल हाही त्यांचाच; आपण टमाटर म्हणतो तेव्हा नकळत आस्तेकांची बोली बोलत असतो. स्पॅनियार्डांच्या मागोमाग तिकडे कोंबडी गेली, कांदा-लसूण गेला, जिरे गेले, लिंबे गेली, आणि ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांबारही गेला. तेव्हा मुलीच्या त्या पदार्थात अंडे, कांदा, लसूण, जिरे आणि सांबार एवढा ऐवज जुन्या जगाचा. मिरची, टमाटर, मका आणि राजमा एवढा तिकडचा. आपल्याकडे टमाटराला रुळायला मिरचीपेक्षा कितीतरी वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज वॉटने त्याची नोंद केली तेव्हाही त्याची लागवड मुख्यतः गोऱ्या साहेबांसाठी होत होती. बंगालीत त्याला विलायती बेगुन म्हणत, आणि आमच्या आजीच्या पिढीत तो लालभडक रस पाहून नाक मुरडणाऱ्या बाया होत्याच. उलट रायपूर-राजनांदगावकडच्या छत्तीसगडी माणसाने त्याला पताल असे ठेवणीतले नाव देऊन त्याची चटणी पाट्यावर वाटायला घेतली, आणि ती चटणी त्या लोकांबरोबर आमच्या बाजारापर्यंत आली.

मक्याचा विषय निघाला की मला एका वैदर्भीय माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्ध्याचे. जन्म १८८४ च्या सुमाराचा. म्हणजे तुमसर आणि वर्धा दोन्ही एकाच मध्य प्रांताचे मुलूख असतानाचा. देश सोडून ते जपानमार्गे अमेरिकेत गेले, तेथे शेतकीचे शिक्षण घेता घेता गदर पक्षाच्या उभारणीत पडले, पहिल्या महायुद्धात इराणच्या रखरखाटात इंग्रजांविरुद्ध लढले, आणि सर्व वाटा बंद झाल्यावर १९२४ साली मेक्सिकोत उतरले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापक झाले. तेथे त्यांनी मक्याच्या रानटी भाईबंदांशी संकर करून नव्या जाती सिद्ध केल्या, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या, आणि त्या देशाने त्यांना आपल्या भिंतीवर जागा दिली. मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिवेराने रंगविलेल्या भित्तिचित्रांपैकी 'आमची भाकरी' या चित्रात भोजनाच्या मेजाशी मध्यभागी बसून भाकर मोडणारा जो पुरुष आहे, त्याचा चेहरा खानखोज्यांचा आहे. तीना मोदोत्तीने कणसांसह घेतलेली त्यांची छायाचित्रेही आहेत. ज्या देशात मका हाच देव, त्या देशाला मक्याची विद्या शिकविण्यासाठी वर्ध्याचा माणूस लागावा, यातली मौज रिवेराला नक्कीच कळली असेल. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात ते परतले, नागपुरास राहिले आणि १९६७ साली तेथेच वारले. वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले म्हणून चार लोकांना नाव ठाऊक तरी आहे. खानखोजे दांपत्याच्या नागपूरच्या घरी मक्याच्या भाकरीवर अंडे पडत असेल काय, हा प्रश्न मला त्या रविवारी पहिल्यांदा पडला.

कारण मक्याची भाकरीच आमची पहिली अडचण ठरली. मुलीने चक्कीवरून मक्याचे पीठ दळून आणले आणि दोन तास खटपट केली. गरम पाणी घालून मळा, तळहातावर थापा, काही करा, कडा फुटायच्या त्या फुटतच राहिल्या. यातले गुह्य मेक्सिकोच्या बायकांनी तीनेक हजार वर्षांमागेच सोडविले होते. त्या कोरडा मका दळीतच नाहीत. तो चुन्याच्या पाण्यात शिजवितात, रात्रभर त्यातच राहू देतात, आणि सकाळी धुऊन ओलाच वाटतात. चुन्याने दाण्याचे टरफल सुटते, पिठाला चिकाटी येते, आणि मक्यात बांधलेले नायसिन नावाचे जीवनसत्त्व मोकळे होते. युरोपने मका नेला, ही कृती नेली नाही. परिणामी स्पेन-इटलीतल्या मकाखाऊ गरिबांना पेलाग्रा हा कातडी सोलणारा रोग जडला. हाच रोग आपल्याकडे निराळ्या कारणाने ज्वारीवर जगणाऱ्यांत दिसे, आणि हैदराबादेस पोषणशास्त्रज्ञ डॉ. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्याचा उलगडा करण्याचा यत्न केला, हे येथे ओघाने सांगतो.

चुन्याला मात्र तुमसरात तोटा नाही. पानठेल्यावरून खायचा चुना आणला. एक किलो मक्याला साधारण दहा ग्रॅम, तीन लिटर पाण्यात. पातेले चुलीवर चढताच पाणी लिंबाच्या सालीसारखे पिवळे झाले आणि घरभर ओल्या भिंतीला पहिला हात मारताना येतो तसा वास सुटला. सकाळी दाणा बोटांत चुरला तर टरफल सापाच्या कातेसारखे सरकून निघाले. चार पाण्यांनी धुऊन मका पाट्यावर घेतला. तिकडे यासाठी तीन पायांचा तिरपा दगडी पाटा असतो, त्याला मेताते म्हणतात, आणि गुडघे टेकून वाटायची रीत आपल्याइतकीच कंबर मोडणारी आहे. वरवंट्याखालून निघालेला तो गोळा इतका लवचिक होता की थापलेली भाकर एका हातावरून दुसऱ्या हातावर खुशाल फिरू लागली, आणि तव्यावर टाकताच फुगली.

रश्शासाठी टमाटर, लसणाच्या सालीसकट पाकळ्या आणि देठ काढलेल्या भिवापुरी मिरच्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेतो भाजल्या, मग पाट्यावर भरड वाटून तेलात ओतल्या. ठेचा करणाऱ्याच्या हाताला यात नवे शिकण्यासारखे काही नव्हते. मिरच्या किती, याविषयी मुलीने पुस्तकातला आकडा सांगितला आणि माझ्या पत्नीने तो मुकाट्याने दुप्पट केला. ठसका लागून सारे घर खोकू लागले तेव्हा वास्तविक पदार्थ सिद्ध झाला. राजम्याच्या जागी आम्ही लाखोरीची डाळ शिजवून घोटली, कारण बांधीतली तीच ताजी होती. पारशी लोक टमाटरावर अंडी फोडून जो 'टमाटा पर ईडू' करतात, त्याचा हा चुलतभाऊच म्हणावा लागेल.

राहिला प्रश्न अंडे कोठे तळायचे. आई शहाऐंशी वर्षांची आहे. तिला आता दिसते कमी, पण कायदा तोंडपाठ आहे. गॅसच्या शेगडीवर अंडे चालणार नाही, असे तिने स्वच्छ सांगितले, आणि परदेशातून आलेल्या नातीने वाद न घालता सांदवाडीत जाऊन तीन विटा मांडल्या. पितळी पातेले कधीच मोडीत गेले आहे. कोनाड्यात आता एक लोखंडी तवा तेवढा होता. तिने त्यावर एकेक करून अकरा अंडी तळली, बलक एकाचाही मोडला नाही, आणि परातीत झाकून ती मागच्या दाराने पडवीत आणली.

पंगत बसली. मुलीने आजीपुढे ताट ठेवून सगळ्याची नावे घेतली. आईने वाकून पाहिले, तळलेले अंडे बोटाने ताटाच्या कडेला सारले आणि म्हणाली, "मले ते परदेशी नोको वं, माय. हे आपल्या घरचं तेवढं वाढ." आपल्या घरचे म्हणजे चुन्यात शिजविलेल्या मक्याची भाकर आणि मिरची-टमाटराचा रस्सा. तिने दीड भाकर खाल्ली, रस्सा दोनदा मागून घेतला, नाक पदराला पुसले, आणि मिरची चांगली उतरली आहे, कोणाकडून घेतली, असे विचारले. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवून तिला गप्प राहायला सांगितले.

जेवणे झाल्यावर तवा राखेने घासण्यात आला. त्यावरचा पिवळा ओघळ निघायला वेळ लागला, तेव्हा मुलगी तो आत नळाखाली धरायला निघाली; आईने ओसरीवरूनच हटकले. मग बाहेरच्या टाक्यावर धुऊन, उन्हात उलटा ठेवून, वाळल्यावर तो पुन्हा कोनाड्यात गेला.